नोकरी गेल्यावर ईएसआयसीकडून मिळणारा भत्ता: कोणाला, किती, किती दिवस? (अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना)

मोशीची_मुक्ता | १८ मे २०२५

माझा धाकटा भाऊ चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रेस शॉपला आहे, म्हणजे होता. कंत्राटी. १२ मे ला शिफ्ट सुटताना सुपरवायझरने सात-आठ जणांना बाजूला घेतलं आणि "ऑर्डर कमी झाली, उद्यापासून येऊ नका" असं सांगितलं. कागद काही दिला नाही. आता हिशेबासाठी बोलावलंय आणि सोबत राजीनामा लिहून आणा म्हणतात. राजीनामा दिल्याशिवाय हिशेब निघणार नाही असं सुपरवायझर सगळ्यांना सांगतोय.

त्याचा पगार १८,००० आहे, ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची वर्गणी) कापलं जातं. व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय की नोकरी गेली तर सरकार तीन महिने निम्मा पगार देतं. एक ओळखीचे म्हणाले ती योजना कोविडपुरती होती, कधीच बंद झाली. दुसरे म्हणाले तीन महिने नाही, दोन वर्षं मिळतात. शेजारच्या काकांच्या मते कंत्राटी माणसाला यातलं काहीच मिळत नाही.

घरात आई-वडील, त्याची बायको आणि दोन वर्षांची मुलगी आहे. खरं काय ते कोणाला नक्की माहीत असेल तर कृपया सांगा. मंगळवारी त्याला हिशेबाला जायचंय.

---

पेरोल_भोसरी | १८ मे २०२५

ताई, सगळ्यात आधी: मंगळवारी राजीनाम्यावर सही करू देऊ नका. का ते पुढे लिहितो, पण ही गोष्ट आजच भावाच्या कानावर घाला.

मी गेली बरीच वर्षं कारखान्यांचं पीएफ-ईएसआयसीचं काम बघतो. तुम्हाला मिळालेली तिन्ही उत्तरं अर्धी-अर्धी आहेत, कारण योजना दोन आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ ला दोन वर्षांच्या प्रयोगासाठी सुरू झाली. तेव्हा रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळायचे आणि नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबावं लागायचं. टाळेबंदीत अटी सैल केल्या. २४ मार्च २०२० पासून रक्कम ५० टक्के झाली, थांबायचा काळ ३० दिवसांवर आला आणि मालकामार्फत अर्ज पाठवायची अट गेली, कामगार थेट ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात अर्ज देऊ लागला. "कोविडपुरती होती" हा समज तिथून आलाय. योजना बंद झालेली नाही. मुदत संपत आली की महामंडळ ती वाढवतं. २०२१, २०२२, २०२४ असं करत आता ३० जून २०२६ पर्यंत आहे. दर ५० टक्केच आहे.

दुसरी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची. दोन वर्षांवाली ती. पण ती कारखाना बंद पडला, कायद्याने कामगार कपात झाली किंवा कामाबाहेरच्या कारणाने ४० टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आलं, तरच. पहिले बारा महिने ५० टक्के, पुढचे बारा महिने २५ टक्के.

तुमच्या भावासाठी सध्या अटल योजना धरून चला. अटी अशा:

नोकरी जाण्याआधी सलग किमान दोन वर्षं तो विमाधारक नोकरीत असायला हवा. ईएसआयसीचं वर्ष दोन तुकड्यांत मोजतात, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. नोकरी मे २०२५ मध्ये गेली, म्हणजे लगेच आधीचा तुकडा ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५. त्यात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. आणि त्याच्या आधीच्या तीन तुकड्यांपैकी कुठल्याही एकात ७८ दिवस हवेत. पूर्वी चारही तुकड्यांत ७८ लागायचे, ते आता नाही.

आधार आणि बँक खातं विमा क्रमांकाला जोडलेलं हवं. हा लाभ आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवस.

आणि राजीनाम्याचं. स्वतःहून नोकरी सोडली, स्वेच्छानिवृत्ती घेतली, निवृत्तीचं वय झालं, शिस्तभंगाच्या कारवाईत काढलं किंवा बेकायदा ठरलेल्या संपामुळे घरी बसलात, तर हा लाभ नाही. राजीनामा म्हणजे कागदोपत्री स्वतःहून सोडणं. त्या एका सहीने भाऊ योजनेच्या बाहेर जातो.

कंत्राटी-कायम असा भेद ईएसआयसीत नाही. कापलंय ना, मग हक्क आहे. त्याच्या १८,००० मधून महिन्याला १३५ रुपये गेलेत आणि मालकाच्या खिशातून ५८५. हे दान नाही, त्याने भरलेल्या विम्याचे पैसे आहेत.

---

मोशीची_मुक्ता | १८ मे २०२५

दादा, खूप आभार. त्याला लगेच फोन केला. सही केलेली नाही अजून.

एक अडचण आहे. ऑक्टोबरमध्ये कंत्राटदार बदलला. जुना गेला, नवा आला, भाऊ त्याच मशीनवर. मधे महिना-दीड महिना "ब्रेक" दिला होता. नव्या कंत्राटदाराने नवीन ईएसआयसी कार्ड काढून दिलं. त्यावरचा नंबर जुन्या कार्डापेक्षा वेगळा आहे. मग दोन वर्षं कशी धरणार? आणि रक्कम साधारण किती होईल?

---

पेरोल_भोसरी | १८ मे २०२५

हीच गोष्ट चाकण-रांजणगाव पट्ट्यात सगळ्यात जास्त लोकांना आडवी येते.

विमा क्रमांक माणसाचा असतो, कंत्राटदाराचा नाही. पहिल्या नोकरीत मिळालेला दहा आकडी नंबर जन्मभर तोच. नव्या ठिकाणी तो सांगितला की मागची वर्गणी पुढे चालू राहते. पण नवा कंत्राटदार घाईत जुना नंबर विचारत नाही, नवी नोंदणी करून टाकतो. मग पोर्टलवर हा माणूस सात महिन्यांपूर्वी पहिल्यांदा कामाला लागला असं दिसतं आणि दावा दोन वर्षांच्या अटीवर पडतो.

उपाय आहे. दोन्ही कार्डं, आधार, दोन्ही कंत्राटदारांच्या पगाराच्या स्लिपा किंवा बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी घेऊन शाखा कार्यालयात जा आणि दोन्ही क्रमांक एकत्र करण्याचा अर्ज द्या. पोचेचा शिक्का घ्या. हे दाव्याच्या आधी करा. त्याआधी ईएसआयसीच्या पोर्टलवर विमाधारकाच्या लॉगिनने दोन्ही नंबरांखालची वर्गणी उघडून बघा. महिनावार दिवस आणि पगार दिसतो. प्रिंट काढून ठेवा. नाव आधारवर जसं आहे तसंच आहे का तेही बघा. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यावर आडनाव आधी, तिसऱ्यावर नुसतं नाव-आडनाव असतं.

रकमेचा हिशेब असा: आधीच्या चार तुकड्यांतली, म्हणजे एप्रिल २०२३ ते मार्च २०२५ ची एकूण कमाई भागिले ७३०. ते झालं रोजचं सरासरी. त्याच्या निम्मे, गुणिले ९०.

दोन्ही वर्षं पूर्ण १८,००० असते तर ४,३२,००० भागिले ७३० म्हणजे ५९१.७८. निम्मे २९५.८९. नव्वद दिवसांचे २६,६३०. पण पहिल्या वर्षी पगार कमी असेल आणि मधला ब्रेक आहे, त्यामुळे आकडा खाली येईल. पहिल्या वर्षीचा पगार सांगा, काढून देतो. भागताना ७३० कायम राहतात, म्हणजे ब्रेकचे दिवसही भागाकारात येतात. कंत्राटदाराने दिलेला प्रत्येक ब्रेक हा असा परत एकदा कामगाराच्या खिशातून जातो, याचा मला राग येतो.

---

मोशीची_मुक्ता | १८ मे २०२५

पहिल्या वर्षी १६,००० होता. दुसऱ्या वर्षी १८,०००, त्यातला दीड महिना ब्रेक.

---

पेरोल_भोसरी | १८ मे २०२५

१६,००० गुणिले १२ = १,९२,०००. १८,००० गुणिले साडेदहा = १,८९,०००. एकूण ३,८१,०००. रोजचे ५२१.९२, निम्मे २६०.९६. पूर्ण नव्वद दिवस बेकार राहिला तर साधारण २३,४८६ रुपये. एप्रिल आणि मे २०२५ चा पगार यात धरत नाहीत.

ब्रेक असूनही ऑक्टोबर ते मार्चमध्ये ७८ दिवस भरतात का ते मात्र पोर्टलवर मोजून बघा. पगारी सुट्टीचे दिवसही त्यात येतात. मला वाटतं भरतील.

---

वाळूजकर | १९ मे २०२५

मी युनियनचं काम करतो, संभाजीनगरला. वरचं सगळं बरोबर आहे. मंगळवारच्या भेटीबद्दल थोडं लिहितो, कारण खरी अडचण त्या टेबलावर होते.

हिशेबाच्या कागदांचा गठ्ठा पुढे ठेवतात. वर पगाराचं, मधे ओव्हरटाइमचं, खाली एक छापील अर्ज: "मी माझ्या घरगुती कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे, माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही." फुल्या मारलेल्या जागी सह्या करा म्हणतात. मागे रांग उभी असते, माणूस वाचत नाही. भावाला सांगा, प्रत्येक कागद वाच. मोबाईलवर फोटो काढ. राजीनाम्याच्या कागदावर सही नको, तारीख नसलेल्या कोऱ्या कागदावर तर अजिबात नको. पगाराच्या पावतीवर सही करायला हरकत नाही, फक्त शेजारी "पगार मिळाला, कामावरून कमी केल्यामुळे" एवढं हाताने लिहावं.

राजीनामा नाही तर हिशेब नाही, या धमकीला कायद्याचा आधार नाही. केलेल्या कामाचा पगार द्यावाच लागतो. कंत्राटदाराने नाही दिला तर कंत्राटी कामगार कायदा, १९७० च्या कलम २१ प्रमाणे मूळ कंपनीला द्यावा लागतो आणि तिने तो कंत्राटदाराकडून वसूल करायचा. (नंतरची टीप: हा कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता, आता त्याच्या जागी नवीन कामगार संहिता आहे.) हे वाक्य कंपनीच्या एचआरला लेखी पाठवलं की बरेचदा गोष्टी हलतात.

त्याच दिवशी एक साधं पत्र रजिस्टर पोस्टाने कंत्राटदाराला आणि प्रत मूळ कंपनीला पाठवा. "दि. १२ मे २०२५ रोजी मला तोंडी सांगून कामावरून कमी करण्यात आले. मी राजीनामा दिलेला नाही. मी कामावर येण्यास तयार आहे. मला कामावरून कमी केल्याचे पत्र द्यावे." बस. वकिली भाषा नको. पोस्टाची पावती जपून ठेवा.

गेटपास, हजेरीचे फोटो, शिफ्टच्या ग्रुपवरचे मेसेज, काही फेकू नका.

---

निंबाळकर_सर | १९ मे २०२५

माझ्या पुतण्याने दोन महिन्यांपूर्वी असाच राजीनामा लिहून दिलाय. आता काही होऊ शकतं का?

---

वाळूजकर | १९ मे २०२५

सर, वाट अवघड आहे पण बंद नाही. दबावाने सही घेतली असं लेखी कळवून सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज करावा. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २अ खाली एकटा कामगारही काढून टाकल्याचा वाद नेऊ शकतो, युनियन लागत नाही. समेटासाठी अर्ज केल्यापासून ४५ दिवसांत काही झालं नाही तर थेट कामगार न्यायालयात जाता येतं. काढल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. (नंतरची टीप: या कायद्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ मध्ये नवीन कामगार संहिता आली, इथली कलमं आणि मुदती तोपर्यंतच्या आहेत.) सोबत काढलेले इतर कामगार असतील तर त्यांनी एकत्र जावं. एकाच दिवशी, एकाच मजकुराचे आठ राजीनामे समोर आले की ते स्वखुशीचे नव्हते हे अधिकाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

त्याने तिथे वर्षात २४० दिवस काम केलं असेल तर कलम २५फ प्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा पगार आणि पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई हा वेगळा हक्क आहे. ईएसआयसीच्या भत्त्याशी त्याची गल्लत करू नका.

---

पेरोल_भोसरी | १९ मे २०२५

वाळूजकरांच्या पत्राला जोडून माझ्या टेबलावरची एक गोष्ट सांगतो. बाहेर फार कोणाला ती माहीत नसते.

मालक दर महिन्याला वर्गणी भरताना एक एक्सेल फाईल चढवतो. प्रत्येक कामगारासमोर विमा क्रमांक, नाव, किती दिवसांचा पगार, एकूण पगार आणि पुढे दोन रकाने: दिवस शून्य असतील तर कारणाचा कोड, आणि कामाचा शेवटचा दिवस. कोडची यादी ठरलेली आहे. १ म्हणजे रजेवर, २ नोकरी सोडली, ३ निवृत्त, ४ पगार मर्यादेबाहेर गेला, ९ संप किंवा टाळेबंदी, १० कपात, ११ काम नाही. अशी १३ पर्यंत.

ऑफिसात बसलेला मुलगा दोन-तीनशे माणसांची फाईल करतो. कोण का गेलं हे त्याला कोणी सांगत नाही. तो सगळ्यांना २ टाकतो. झालं, सरकारी नोंदीत तुमचा भाऊ स्वतः नोकरी सोडून गेला. शाखेतला कारकून दावा तपासताना तेच बघणार.

म्हणून कंत्राटदाराला पाठवायच्या पत्रात एक ओळ वाढवा: "ईएसआयसीच्या मासिक विवरणात माझ्या नावापुढे कामावरून कमी केल्याचे कारण व १२ मे २०२५ हा शेवटचा दिवस नोंदवावा." मे महिन्याची फाईल १५ जूनपर्यंत भरायची असते, म्हणजे अजून वेळ आहे. एकदा चुकीची गेली की दुरुस्तीला मालकाचंच पत्र लागतं.

---

डोंबिवली_फास्ट_नाही | १९ मे २०२५

आयटी सपोर्टमध्ये होतो, पगार ४२,०००. फेब्रुवारीत काढलं. आम्हाला यातलं काही?

---

पेरोल_भोसरी | १९ मे २०२५

नाही हो. ईएसआयसीची पगारमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० आहे, अपंग कर्मचाऱ्यांसाठी २५,०००. त्याच्या वर असणाऱ्यांसाठी आपल्याकडे बेकारी विमा असा नाहीच. आठ वर्षं झाली मर्यादा तिथेच आहे आणि पगार मात्र वर गेले, त्यामुळे कारखान्यातले कितीतरी जुने कामगारही ओव्हरटाइम न धरता नुसत्या पगारवाढीने बाहेर पडलेत. ज्यांचा पगार तुकड्याच्या मधेच २१,००० च्या वर गेला, त्यांचं कापणं तो तुकडा संपेपर्यंत चालू राहतं, तेवढे दिवस धरले जातात.

तुम्ही तुमच्या ऑफर लेटरमधला नोटीस पीरियड आणि पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी नीट वसूल करा. पीएफमधला पेन्शनचा भाग घाईने काढू नका, दहा वर्षांची सेवा जुळली तर पेन्शन लागते. नोकऱ्या बदलल्या तरी वर्षं जोडली जातात.

---

पारसिपनी_प्राजक्ता | १९ मे २०२५

मी न्यू जर्सीत असते. इथली पद्धत वेगळी आहे, पण राजीनाम्याचा मुद्दा अगदी तोच आहे म्हणून लिहिते, इथले मराठी लोकही हा धागा वाचत असतील.

इथे बेकारी विमा राज्य चालवतं. न्यू जर्सीत जास्तीत जास्त २६ आठवडे मिळतो, बहुतेक राज्यांत तेवढाच, फ्लोरिडा किंवा नॉर्थ कॅरोलायनात त्याच्या निम्म्याहूनही कमी. दर आठवड्याला ऑनलाइन सांगावं लागतं: या आठवड्यात काम करू शकत होतो, शोधत होतो, इतकी कमाई झाली. तो आठवडा भरायचा राहिला की पैसे थांबतात. राज्यातली बेकारी ठरावीक पातळीच्या वर गेली तर केंद्र आणि राज्य मिळून १३ आठवडे वाढवून देतात, फार वाढली तर २०. २०२०-२१ मध्ये त्याशिवाय खास केंद्रीय योजना होत्या, आठवड्याला आधी ६०० आणि नंतर ३०० डॉलर वर मिळत. त्या सप्टेंबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यात संपल्या. अजूनही काही जण त्या आठवणीवर "२६ संपले की आपोआप वाढतात" असं सांगतात. आपोआप काही वाढत नाही, तुमच्या राज्यात वाढीव काळ चालू आहे का ते कामगार खात्याच्या संकेतस्थळावर बघावं लागतं.

एच-१बी (मालकामार्फत मिळणारा नोकरीचा व्हिसा) वाल्यांनी यावर भरवसा ठेवू नये. काम करायचा परवाना त्याच मालकाला बांधलेला असल्यामुळे "कामाला उपलब्ध" ही अट बहुधा पुरी होत नाही, आणि ६० दिवसांत नवीन नोकरी किंवा दुसरा मार्ग शोधायचा असतो. ग्रीन कार्डवाले, नागरिक आणि एच-४ (एच-१बी वाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) वर स्वतःचा कामाचा परवाना असलेले अर्ज करू शकतात. हा भत्ता घेतल्याने ग्रीन कार्डावर परिणाम होईल या भीतीने खूप जण अर्जच करत नाहीत. कमावलेला विमा आहे हा, सरकारी मदतीवर अवलंबून असल्याच्या हिशेबात तो धरत नाहीत. केंद्राचा आयकर मात्र लागतो.

आणि इथेही एचआर गोड बोलून "राजीनामा दिलात तर रेकॉर्ड चांगलं राहील" म्हणतं. नका देऊ.

---

सिस्टर_अनघा | २० मे २०२५

मुक्ताताई, तुमच्या घरात लहान बाळ आहे म्हणून सांगते. पैशाच्या गडबडीत दवाखान्याची गोष्ट राहून जाते. नोकरी गेली की दुसऱ्या दिवशी कार्ड बंद होतं असं समजून लोक खासगीत जाऊन कर्ज करतात. असं नसतं. ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ च्या वर्गणीचा लाभ जुलै ते डिसेंबर २०२५ मध्ये मिळतो. एप्रिल ते सप्टेंबर २०२४ च्या वर्गणीचा लाभ चालू जूनपर्यंत आहे. म्हणजे ७८ दिवस भरले असतील तर या वर्षअखेरपर्यंत भावाला आणि कुटुंबाला उपचार मिळायला हवेत. अटल योजनेचा भत्ता चालू असतानाही उपचार मिळतात. दवाखान्यात जाताना ईएसआयसीचं पहचान कार्ड आणि आधार ठेवा, कोणी परत पाठवलं तर कारण लिहून मागा.

काढलेल्यांमध्ये कोणी गरोदर बाई असेल तर तिला वेगळं सांगा. आधीच्या सलग दोन तुकड्यांत मिळून ७० दिवसांची वर्गणी असेल तर २६ आठवड्यांचा प्रसूतीचा लाभ तिचा आहे, नोकरी गेली असली तरी विचारावं.

---

मोशीची_मुक्ता | २१ मे २०२५

काल तो जाऊन आला. वाळूजकर दादांनी लिहिलं होतं तसाच छापील कागद होता, फुल्यांसकट. सही केली नाही. त्याच्याबरोबरच्या पाच जणांनीही केली नाही, दोघांनी आधीच केली होती. पगार दिला नाही. आज सहाही जणांनी पत्रं पोस्ट केली.

---

वाळूजकर | २१ मे २०२५

शाब्बास. आता एचआरला ईमेल, कलम २१ चा उल्लेख करून. सहा जणांची मिळून एकच.

---

मोशीची_मुक्ता | २९ जुलै २०२५

बऱ्याच दिवसांनी लिहिते. ईमेल गेल्यावर आठवडाभरात कंपनीच्या एचआरने कंत्राटदाराला बोलावलं. पगार आणि ओव्हरटाइम खात्यात आला. "काम कमी झाल्याने दि. १२ मे पासून सेवा संपुष्टात" असं दोन ओळींचं पत्रही दिलं. आम्हाला तेवढंच हवं होतं.

दोन विमा क्रमांक एक व्हायला वेळ लागला. जुन्या कार्डावर वडिलांचं नाव मधे नव्हतं, आधारवर आहे. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागला. ते झाल्यावरच ऑनलाइन दावा भरता आला. आधार आणि पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत चढवली, भरलेल्या फॉर्मची प्रिंट काढून सही केली आणि शाखेत नेऊन दिली. स्टॅम्पपेपर लागला नाही. बाहेर एक जण प्रतिज्ञापत्र करून देतो म्हणून पैसे मागत होता.

भावाला २१ जुलैपासून रांजणगावला काम मिळालं. त्यामुळे १३ मे ते २० जुलै एवढ्याच दिवसांचा दावा केला. काल पैसे जमा झाले. अठरा हजारांच्या आसपास आहेत, पेरोलदादांच्या रोजच्या आकड्याशी जुळतात. नव्या ठिकाणी त्याने पहिल्याच दिवशी जुना विमा क्रमांक लिहून दिला.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. सही केलेल्या दोघांचं प्रकरण कामगार आयुक्तांकडे आहे.

---

पेरोल_भोसरी | २९ जुलै २०२५

खूप बरं वाटलं, ताई. नव्या नोकरीची तारीख खरी सांगितलीत हे फार चांगलं. काही लोक नोकरी लागल्यावरही पूर्ण ९० दिवस लावतात. नव्या मालकाची वर्गणी लगेच पोर्टलवर दिसते आणि खोट्या माहितीसाठी ईएसआय कायद्याच्या कलम ८४ खाली शिक्षा आहे, शिवाय पुढचा लाभही जातो. (नंतरची टीप: हे कलम नोव्हेंबर २०२५ पर्यंतचं, आता त्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आहे.)

प्रतिज्ञापत्राची अट नोव्हेंबर २०२० मध्येच काढली आहे. बाहेर कोणी मागितलं तर देऊ नका. आणि वाचणाऱ्या इतरांसाठी: दावा पुढच्या तारखांचा करता येत नाही. बेकारीचे ३० दिवस झाल्यावर झालेल्या दिवसांचा करायचा. नोकरी गेल्यापासून एका वर्षाच्या आत करावा.

---

फोंड्याचो_नीलेश | १७ ऑगस्ट २०२५

धागा पूर्ण वाचला. मी गोव्यात वेर्ण्याला एका कारखान्यात अकरा वर्षं कायम कामगार होतो. पगार १९,५००. कारखाना ३१ जुलैला बंद झाला, नोटीस लावली, सगळ्यांना पत्रं दिली. मी ऑनलाइन अटल योजनेचा अर्ज भरायला बसलोय. आम्हाला नव्वद दिवसच मिळणार का?

---

पेरोल_भोसरी | १७ ऑगस्ट २०२५

नीलेशभाऊ, अर्ज थांबवा. कारखाना बंद झालाय आणि तसं पत्र हातात आहे, म्हणजे तुमचा हक्क राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचा आहे. अकरा वर्षांची वर्गणी आहे, त्यामुळे सेवेची अट तुम्हाला आडवी येणार नाही. बारा महिने ५० टक्के आणि पुढचे बारा महिने २५ टक्के, तोवर नोकरी लागली नाही तर. त्या काळात तुम्हाला आणि घरच्यांना दवाखाना चालू, आणि नवीन कौशल्य शिकायचं असेल तर प्रशिक्षणाची फी ईएसआयसी भरतं. दोन्ही योजनांचे पैसे एकाच बेकारीसाठी मिळत नाहीत, म्हणून कमी काळाच्या योजनेत स्वतःहून अडकू नका.

बंदची नोटीस, तुमचं पत्र, शेवटच्या पगाराच्या स्लिपा, आधार, पासबुक घेऊन मडगावच्या बाजूला तुमची नोंद ज्या शाखेत असेल तिथे जा आणि या योजनेचं नाव घेऊनच फॉर्म मागा. शंका असेल तर आधी १८००-११-२५२६ या मोफत क्रमांकावर विचारा. तुमच्या सहकाऱ्यांनाही आजच कळवा, त्यांच्यापैकी कोणी अटलचा अर्ज भरला असेल तर त्याने शाखेत जाऊन लगेच बोलावं.

---

फोंड्याचो_नीलेश | १७ ऑगस्ट २०२५

देव बरें करूं. आमच्या ग्रुपवर टाकतो. दोघांनी कालच अटलचा भरलाय, त्यांना उद्या सकाळी घेऊन शाखेत जातो.